पाव मैलाची शर्यत, वीतभर गाडी

‘वडिलांना आता काहीतरी छंद लावावा म्हणतो, कोणता लावू?’ अशा अर्थाची पत्रे या सदराकडे वरचेवर येतात. पत्र लिहिणारे बहुधा चिरंजीव किंवा सूनबाई असतात, आणि प्रश्नाचा सूर ‘कोणते टॉनिक द्यावे’ असाच असतो. या पत्रांना आजवर मी ठरावीक उत्तरे देत आलो : बागकाम, वाचन, भजनी मंडळ, पत्ते. गेल्या तीन वर्षांत आमच्याच घरात जे घडले, त्यानंतर तसे उत्तर देणे मला अवघड झाले आहे. आबा आणि वहिनी या दोघांनी अनुमती दिली म्हणून ती हकीकत येथे मांडतो.

आबा हे माझे थोरले चुलतभाऊ. एसटीच्या कार्यशाळेत त्यांची उभी हयात गेली. त्यांचे आजोबा ओगलेवाडीच्या काच कारखान्यात कंदिलांच्या काचा घडवण्याच्या कामावर होते, त्यामुळे हातांच्या कसबाविषयी या घराला पिढीजात अभिमान. कृष्णाकाठचा आपला हा मुलूखच तसा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हापासून येथल्या कितीतरी शेतकरी घरांत एखादा तरी लोखंडाशी बोलणारा माणूस निपजत आला. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता इंजेक्टर बिघडला आहे हे आबा सांगत, आणि ते सहसा चुकत नसे.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांचा उजवा हात कापू लागला. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात, जणू अंगठा आणि तर्जनी यांमध्ये गोळी वळत असल्यासारखा हलायचा. सहीतली अक्षरे बारीक बारीक होत गेली. बँकेने सही जुळत नाही म्हणून धनादेश परत केला, तो दिवस आबांच्या मनाला फार लागला. तपासण्या झाल्या, पार्किन्सनचे निदान झाले, लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. औषधाने उतार पडला, परंतु आबांनी एकेक गोष्ट सोडायला प्रारंभ केला. प्रथम दाढी स्वतः करणे सोडले, मग सायकल, मग प्रीतिसंगमावरची संध्याकाळची फेरी. लोक हाताकडे पाहतात, एवढेच कारण ते देत. दुपारभर खुर्चीत बसून उजवा हात डाव्या हाताखाली दडपून ठेवायचा, असा त्यांचा दिनक्रम झाला होता.

अशात पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा त्यांचा नातू दिवाळीच्या सुटीत एक खोका घेऊन आला. अमेरिकेतील ड्रॅग रेसच्या गाडीची, पंचविसास एक या प्रमाणातील प्रतिकृती जोडण्याचा तो संच होता. जाळीवजा चौकटीत अडकलेले शंभराच्या आसपास प्लास्टिकचे सुटे भाग, रबरी चाके आणि एक नकाशावजा पत्रक. खरी गाडी पंचवीस इंच असेल तेथे ही एक इंच. नातवाने तो स्वतःसाठी आणला होता, आजोबांसाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी इंजिनाचे दोन भाग त्याने उलटे चिकटवले. खुर्चीतून ते पाहणाऱ्या आबांना राहवले नाही. ‘अरे, ब्लोअर असा बसत नसतो,’ म्हणत ते उठून टेबलापाशी आले. वहिनी सांगतात की त्या दिवशी हात लपवायचे त्यांच्या ध्यानातच राहिले नाही.

ज्या वाचकांना ही शर्यत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतील शर्यत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. पाव मैल, म्हणजे 1320 फूट किंवा सुमारे 402 मीटर अंतर जो आधी कापील तो जिंकला. वळण नाही, फेऱ्या नाहीत. 1951 साली कॅलिफोर्नियात वॉली पार्क्स यांनी या शर्यतींची राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि रस्त्यांवर चालणारा हा जीवघेणा खेळ नियमांच्या चौकटीत आणला. सर्वांत वेगवान गटातील गाड्यांसाठी 2008 पासून अंतर एक हजार फुटांवर आणले गेले, कारण एका नामांकित चालकाचा त्या वर्षी अपघाती मृत्यू झाला. हे हजार फूट त्या गाड्या चार सेकंदांच्या आत पार करतात आणि शेवटी त्यांचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. थांबण्यासाठी मागे हवाई छत्री उघडावी लागते.

आबांना हे सारे परके वाटले नाही. ‘ही तर आपली छकडी!’ हा त्यांचा पहिला अभिप्राय. सातारा-सांगलीकडच्या बैलगाडा शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचा अर्थ लगेच उमगेल. आखलेल्या फाट्या, सरळ धाव, काही सेकंदांचा खेळ, आणि वजनाचा गुंजभरही भार नको म्हणून सांगाड्यापुरती उरलेली छकडी. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या शर्यती थांबल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरवले. त्या साऱ्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र लहानपणी शर्यतीच्या माळावर तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसाला एका परदेशी गाडीचे मर्म एका नजरेत कळले, ते या ओळखीमुळे.

दुसरी ओळख तर थेट व्यवसायातली निघाली. या गाड्यांच्या इंजिनावर हवा दाबून भरणारा जो ब्लोअर दिसतो, तो मुळात शर्यतीसाठी जन्मलेलाच नव्हे. जनरल मोटर्सच्या दोन स्ट्रोकच्या डिझेल इंजिनांवरचा, बसगाड्या आणि मालमोटारींमधला तो भाग. भंगारातून काढून हौशी मंडळींनी आपल्या गाड्यांवर चढवला. त्याला ‘6-71’ म्हणत, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी 71 घनइंच. नातवाने ही माहिती वाचून दाखवल्यावर, जन्मभर बसगाड्यांच्या इंजिनांत हात काळे केलेला हा माणूस जो खुलला, तसा त्याआधी कित्येक महिने खुललेला नव्हता. इंधनाचे गणितही आबांनी समजून घेतले. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून त्याला हवा फार कमी लागते. पेट्रोल जाळायला वजनाने सुमारे पंधरापट हवा हवी, तर याला दुपटीहूनही कमी. तेवढ्याच सिलिंडरमध्ये म्हणूनच कितीतरी अधिक इंधन जाळता येते.

सुटी संपली, नातू गेला, संच मागे राहिला.

आता मुद्द्याचा प्रश्न. ज्याचा हात कापतो त्याने दाण्याएवढे भाग चिकटवायचे कसे? येथे कंपाचे प्रकार समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे सर्व कंपांना एकाच पंक्तीत बसवले जाते. पार्किन्सनचा कंप बहुतेकांत विश्रांतीचा असतो. हात रिकामा असताना तो दिसतो आणि हेतुपूर्वक काही करू लागले की ओसरतो. दुसरा एक, पुष्कळ अधिक आढळणारा आणि अनेकदा घराण्यात चालत आलेला कंप याच्या उलट वागतो. कप ओठांशी नेताना, चमचा धरताना, सुईत दोरा ओवताना तो वाढतो. त्या दुसऱ्या प्रकारच्या व्यक्तीला बारीक प्रतिकृती म्हणजे शिक्षाच ठरेल. तिने सोळास एक किंवा बारास एक अशा मोठ्या प्रमाणाचे, अथवा सरळ लाकडाचे काम निवडावे. आबांना कंपाचा तितका अडसर नव्हता. अडसर होता तो मंदपणाचा आणि ताठरपणाचा. बोटे हुकूम उशिरा मानीत.

यावर उपाय घरातच सापडले. गोळी घेतल्यानंतर साधारण तासाभराने त्यांची बोटे सर्वांत मोकळी असत, म्हणून कामाची वेळ सकाळी अकराची ठरली. जुन्या शिलाई मशिनचे टेबल खिडकीशी आणले, त्यामुळे दोन्ही कोपरे टेकवून बसता येऊ लागले; कोपर टेकले की मनगट स्थिर राहते. ब्रशच्या आणि कानशीच्या दांड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्या जाड केल्या. सुटे भाग हरवू नयेत म्हणून स्टीलच्या परातीत पांढरे फडके अंथरले. ही वहिनींची युक्ती, आणि तिच्याइतकी उपयोगी दुसरी कोणतीच ठरली नाही. चिकटवलेले भाग वाळेपर्यंत धरायला कपड्यांचे चिमटे. प्रकाशाची व्यवस्था मात्र मी सुचवली. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, आणि भिंग पिवळसर झाल्याने निळ्या-जांभळ्या छटांतला फरकही नीट कळत नाही. म्हातारी माणसे ‘दिसत नाही’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा चष्म्याआधी दिवा बदलायला हवा असतो. आबांसाठी डाव्या हाताकडून उजेड टाकणारा, मान वळवता येणारा दिवा घेतला.

वाद झाला तो पात्यावरून. चौकटीतून सुटे भाग कापायला धारदार पाते लागते. आबा हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळीही घेतात. वहिनींनी पाते लपवून ठेवले. आबांनी ते शोधले, वहिनींनी पुन्हा लपवले. दोन आठवडे घरात अबोला. शेवटी मला बोलावणे आले.

‘भाऊजी, कापलं तर रक्त थांबायचं नाही. तुम्हीच सांगा ह्यांना.’

‘चाळीस वर्षं गाडीखाली झोपून काम केलं, तेव्हा कुणी माझ्या हातातला पाना काढून घेतला नाही,’ आबा भिंतीकडे पाहत म्हणाले.

दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि वैद्यकीय पुस्तकांत अशा प्रसंगाचे उत्तर नसते. मी तडजोड सुचवली. पात्याचे काम फक्त अकरा ते बारा, वहिनी घरात असतानाच. एरवी भाग नेलकटरने तोडायचे आणि उरलेला कंगोरा पॉलिश पेपरने घासायचा. वेळ लागतो, पण काम तेच होते. कापलेच तर स्वच्छ कापडाने सलग दहा-पंधरा मिनिटे घट्ट दाबून धरायचे, मध्ये उघडून पाहायचे नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या सर्वांनीच हे लक्षात ठेवावे. आपण दर मिनिटाला कापड उचलून पाहतो आणि धरू पाहणारी खपली मोडतो. मधुमेही वाचकांनी काम संपल्यावर बोटे उजेडात न्याहाळावीत, कारण बधिर बोटाला जखम कळतच नाही. त्या दोन वर्षांत आबांना दोनदा कापले. दोन्ही वेळा वहिनींनीच दाबून धरले, आणि दोन्ही वेळा त्या काही बोलल्या नाहीत.

रसायनांच्या बाबतीत मी अधिक कडक राहिलो. प्लास्टिक जोडण्याच्या गोंदात आणि रंगाच्या थिनरमध्ये उडून जाणारी द्रावके असतात. पार्किन्सनमध्ये वासाची जाणीव पुष्कळदा कंपाच्याही आधी कमी होते, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. आबांना फोडणी करपल्याचेही कळत नाही. ‘मला काही वास येत नाही’ हा त्यांचा निर्वाळा म्हणूनच कामाचा नाही. खिडकी उघडी आहे की नाही ते दुसऱ्याने पाहायचे. फवाऱ्याचे रंग पूर्ण वर्ज्य केले, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग ब्रशने लावायचे ठरले. चटकन चिकटणाऱ्या गोंदाने बोटे जुळली तर ओढायची नाहीत. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवायची. रंगकाम पावसाळ्यात करायचे नाही हे आबांनी स्वतःच ठरवले. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकरवर धुरकट पांढरी झाक येते, हे त्यांना बसगाड्यांच्या रंगकामामुळे माहीत होते.

पहिली गाडी चार महिन्यांत पूर्ण झाली. हिला ‘फनी कार’ म्हणतात : साध्या मोटारीसारखे दिसणारे कवच एका बाजूने अख्खे उचलले की आत नळ्यांचा सांगाडा आणि राक्षसी इंजिन. 1970 च्या सुमारास डॉन प्रुधोम आणि टॉम मॅकेवन या दोघांची या प्रकारातली जोडी गाजत होती. एकाचे टोपणनाव ‘साप’, दुसऱ्याचे ‘मुंगूस’. खेळण्यातल्या मोटारी करणाऱ्या मॅटेल कंपनीने त्यांना पाठबळ दिले आणि घराघरांतील मुलांच्या हाती त्यांच्या गाड्या पोहोचल्या. आबांची गाडी वीतभर लांब. संचात नसलेले तपशील त्यांनी पदरचे घातले. प्लगच्या वायरी म्हणून मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली तांब्याची तार. खरी वायर आठ मिलिमीटर जाड, तेव्हा पंचविसाव्या हिश्शाने 0.32 मिलिमीटर, हा हिशेब त्यांनी पाटीवर मांडला होता. चालकाच्या पट्ट्याची बक्कल केली गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या चंदेरी कागदातून. ते पाकीट पार्किन्सनच्याच गोळ्यांचे होते. हवाई छत्रीसाठी वहिनींनी जुन्या मलमलीचा तुकडा दिला.

त्या काळात आबा पुष्कळ सुधारले, असे सर्वांनाच वाटले. दाढी स्वतः करू लागले. दारातून जाताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होत, त्यावरही त्यांनी तोड काढली. या आजारात उंबऱ्याशी किंवा अरुंद जागी पाऊल गोठते आणि जमिनीवर आडव्या रेषा असतील तर ते सुटायला मदत होते, हे मी त्यांना सांगितले होते. त्यांनी रंगकामातली चिकटपट्टी उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे पावलापावलावर चिकटवली आणि तिला ‘स्टार्टिंग लाइन’ असे नाव दिले. ड्रॅग रेसमध्ये 1963 पासून दिव्यांचा खांब असतो. पिवळे दिवे लागतात आणि मग हिरवा. आबा उंबऱ्याशी थांबून ‘पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा’ म्हणत आणि पाऊल टाकत. लहान मुले हसत, आबाही हसत. चालण्याचा सराव करवून घेणारे तज्ज्ञ तालाचा असाच उपयोग करतात.

मी खूश होतो. ओळखीच्या लोकांना आबांचे उदाहरण देत होतो. आणि येथेच मी चुकलो.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वहिनी माझ्याकडे एकट्या आल्या. म्हणाल्या, ‘हे रात्री दोनला उठून टेबलाशी बसतात.’ मी म्हणालो, ‘या आजारात झोप मोडतेच; छंद आहे, करू द्या.’ पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. ‘जेवायला हाक मारली तर चिडतात.’ मी म्हटले, ‘मन लागलंय, चांगलंच आहे.’ तिसऱ्या वेळी त्यांनी बोलणे सोडून शाळेची वही माझ्यापुढे ठेवली. आठ दिवसांच्या नोंदी होत्या : उठले किती वाजता, बसले किती वेळ, काय केले. शेवटचा रकाना वाचून मी चरकलो. ‘स्क्रू वेगळे केले. पुन्हा मिसळले. पुन्हा वेगळे केले.’ ‘तयार गाडीची चाके काढली, लावली.’ ‘रेडिओ उघडला.’ आठ दिवसांत एकही भाग नव्याने जोडला गेला नव्हता. कपाटात न उघडलेले अकरा संच होते; निवृत्तिवेतनातून, कोणाला न सांगता मागवलेले. वहीच्या पहिल्या पानावर वहिनींनी आणखी एक तारीख टिपली होती : चार महिन्यांपूर्वी ताठरपणासाठी जी नवी गोळी वाढवली, ती सुरू झाल्याची.

या अवस्थेला वैद्यकात ‘पंडिंग’ म्हणतात. हा शब्द स्वीडनमधला. 1972 मध्ये रिलँडर या संशोधकाने उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनी माणसांतील निरर्थक, पुनःपुन्हा होणाऱ्या हालचालींसाठी तो रूढ केला. पुढे पार्किन्सनच्या रुग्णांतही हेच दिसून आले. डोपामिनची उणीव भरून काढणारी औषधे, विशेषतः प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या वर्गातील गोळ्या अथवा लेव्होडोपाच्या मोठ्या मात्रा, काही रुग्णांत आवेगांवरचा लगाम सैल करतात. कोणी जुगाराकडे वळतो, कोणी बेसुमार खरेदी करतो, कोणी रात्रंदिवस वस्तू उघडत-जोडत बसतो. माणसाच्या पूर्वीच्या व्यवसायाचा या वागण्यावर ठसा उमटतो. यंत्रकामगार यंत्रे उघडतो, कारकून कागद लावत बसतो. म्हणूनच ते बाहेरून छंदासारखे दिसते. रुग्ण स्वतः सहसा तक्रार करत नाही, कारण त्याला ते त्रासाचे वाटत नाही. लाजेपोटी खर्च मात्र लपवतो. ज्याला कळायला हवे होते त्या डॉक्टरला कळले नाही, आणि घर सांभाळणाऱ्या बाईला कळले. याचे मला अजून वाईट वाटते.

काळजीवाहूंनी पाहायचे ते हे : काही पूर्ण होते आहे का? हाक मारल्यावर हातचे काम सोडता येते का? झोप, जेवण आणि गोळ्यांच्या वेळा शाबूत आहेत का? पैशांविषयी लपवाछपवी सुरू झाली आहे का? उत्तरे मनाविरुद्ध येऊ लागली तर वहिनींसारखी आठ दिवसांची वही लिहावी आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावी. गोळी आपल्या मनाने कमी करू नये किंवा एकदम थांबवू नये. तसे केल्यास प्रकृती धोकादायक रीतीने बिघडू शकते. नवी गोळी सुरू होतानाच ‘याने स्वभावात, खर्चात, सवयींत काही बदल होऊ शकतो का?’ असे विचारून ठेवणे सर्वांत चांगले.

तज्ज्ञांनी आबांची ती गोळी टप्प्याटप्प्याने उतरवली. पाच-सहा आठवड्यांत रात्रीचे बसणे थांबले. पण त्याची किंमत होती. ताठरपणा वाढला, सकाळचा मोकळा तास पाऊण तासावर आला. आबा माझ्यावर चिडले. ‘तू माझे हात काढून घेतलेस,’ असे ते मला म्हणाले. मी मान खाली घातली. गोळी चालू ठेवून मोकळे हात आणि मोकाट रात्री, की कमी करून ताठर बोटे आणि शांत झोप, हा निवाडा शेवटी त्यांनाच करायचा होता. तज्ज्ञांनी तसा पर्याय पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलाही. आबांनी दोन दिवस घेतले. वहिनींच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहून त्यांनी कमी मात्रा स्वीकारली, असे मला वाटते. त्यांनी कारण सांगितले नाही.

‘छंदाने स्मृतिभ्रंश टळतो का?’ असेही वाचक विचारतात. 2003 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील, पंचाहत्तरीपुढील 469 व्यक्तींचा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. ही गोष्ट आशादायक खरी, परंतु बुद्धी मंदावू लागली की माणूस आधी छंदच सोडतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा अभ्यासातून निर्विवाद ठरत नाही. आबांना मी प्रतिकृतींचा सल्ला मेंदू वाचावा म्हणून देत नाही. त्यांना ते काम आवडते, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

सध्या आबा आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास बसतात. वहिनी स्वयंपाकघरातले घड्याळ लावतात. घंटी वाजली की आबा आधी पाय हलवतात, थोडे थांबतात, मग टेबलाला धरून उठतात, कारण या आजारात एकदम उभे राहिले की रक्तदाब घसरून घेरी येते. अकरापैकी सात संच नातवाने मित्रांना विकून पैसे परत आणले. उरलेल्यांपैकी एक सध्या परातीत आहे : मागे इंजिन असलेली लांबलचक ड्रॅगस्टर. खरी गाडी पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत पंचवीस फूट, म्हणजे आबांची बरोबर एक फूट.

इंजिन मागे का गेले, ही कथा आबांना सर्वांत प्रिय आहे. जुन्या ड्रॅगस्टरमध्ये इंजिन पुढे असे आणि चालक त्याच्या मागे, मागच्या आसावर पाय फाकून बसल्यासारखा. 8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियातील एका शर्यतीत डॉन गार्लिट्स यांच्या गाडीची गिअरपेटी पायांपाशी फुटली आणि उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटून गेला. रुग्णालयातील खाटेवर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेण्याचा आराखडा मनात पक्का केला. 1971 मध्ये त्या गाडीने पोमोनाची मोठी शर्यत जिंकली, आणि काही वर्षांत पुढे इंजिन असलेल्या गाड्या त्या गटातून नाहीशा झाल्या. 2014 साली, वयाच्या 82 व्या वर्षी, हेच गार्लिट्स विजेवर चालणाऱ्या ड्रॅगस्टरमधून ताशी 296 किलोमीटर वेगाने धावले.

परवा मी गेलो तेव्हा आबा पुढच्या चाकांशी झटत होते. ती सायकलच्या चाकांसारखी सडपातळ असतात आणि आस सुईएवढा. तीनदा हुकले. वहिनी परातीपलीकडे बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी न विचारता चिमटा पुढे केला, आबांनी तो घेतला. चाक बसले, पण जरासे तिरके.

‘वाकडं आहे,’ वहिनी म्हणाल्या.

‘आहे,’ आबा म्हणाले. ‘उद्या अकराला काढतो.’

घड्याळाची घंटी वाजली होती.